दाढ माझी, सांगणं दुसऱ्याला

माझ्या दाजींनी मला फसवलं. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान आणि माझ्या आडत दुकानातले भागीदार. पैशात फसवलं नाही. पैशात मला फसवणारा माणूस सोलापूरच्या बाजारात अजून यायचा आहे. त्यांनी मला निरोपात फसवलं. अक्कलदाढ काढल्यावर डॉक्टरांनी मला सांगायला म्हणून जे त्यांच्याजवळ दिलं, ते त्यांनी वाटेतच ठेवून घेतलं. त्यामुळे आठवड्यात बरं व्हायचं दुखणं माझ्या जिवावर बेतलं.

नाव लिहीत नाही. बहिणीनं तेवढीच अट घातली आहे. पण गोष्ट लिहितो, कारण ज्याची दाढ काढायची आहे त्या प्रत्येकाला ती कळली पाहिजे, आणि ज्यानं सांगायचं होतं त्यानं अजून सांगितलेली नाही.

दोन हत्यारं

मी मूळचा मंद्रूपचा. शाळा चौथीत सुटली आणि सोलापुरात आलो. आधी दुसऱ्याची पोती शिवली, मग उचलली, मग दुसऱ्याच्या गादीशेजारी बसून भाव ऐकायला शिकलो आणि शेवटी स्वतःची गादी घातली. भुसार मालाची आडत. शेतकरी जोंधळा, तूर, हरभरा घेऊन येतो. आम्ही त्याच्या मालाचा लिलाव पुकारतो आणि खरेदीदाराच्या गळ्यात बांधतो. दाजींचं कापडाचं दुकान बसलं तेव्हा अक्काच्या तोंडाकडे बघून मीच त्यांना भागीदार करून घेतलं.

या धंद्यात दोनच हत्यारं लागतात आणि दोन्ही तोंडात असतात. एक आवाज. मार्केट यार्डात शेजारी दहा दुकानांचे लिलाव चालू असताना आपला आकडा वर राहिला पाहिजे. दुसरं हत्यार दाढ. पोत्यातून मूठभर दाणे काढायचे, त्यातला एक दाढेखाली धरायचा. कट्कन फुटला तर माल वाळलेला, नुसता दबला तर ओला. त्या एका आवाजावर मी भाव पाडतो आणि चढवतो. खरेदीदार म्हणायचे, शिवप्पाची दाढ कधी चुकत नाही.

माझी ती पारखीची बाजू उजवी. नेमकी त्याच बाजूची, खालची, सगळ्यात मागची दाढ वर्षभर अर्धी बाहेर आणि अर्धी हिरडीत अडकून बसली होती. तिच्यावर हिरडीचं एक झाकण होतं. त्याखाली काही अडकलं की गाल सुजायचा. मी लवंग धरायचो, तंबाखूची चिमूट दाबायचो आणि बाजार उरकायचो. दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती, जोंधळा कधी नव्हे इतका आला होता, यार्डात गाड्यांना उभं राहायला जागा नव्हती. तेवढ्यात दाढेनं उचल खाल्ली आणि घास गिळवेना. माझी बायको पार्वती म्हणाली, आता डॉक्टरकडे गेला नाहीत तर मी चूल पेटवणार नाही.

तिला बरोबर यायचं होतं. पण आमच्यात दवाखान्यात जायचं तर बरोबर पुरुषमाणूस लागतो. दाजी आले.

मग सांगतो

दातांच्या डॉक्टरांनी आरशानं बघितलं आणि काढावी लागेल म्हणाले. मला वेदनेची भीती नव्हती, दिवसांची होती. मी विचारलं, किती दिवस जातील? पुढे काय करायचं, काय नाही? ते सुई भरत म्हणाले, आधी काढू, मग सांगतो.

वाचणाऱ्यानं हे दोन शब्द लक्षात ठेवावेत. मग सांगतो. कुणी व्यापारी मला असं म्हणाला असता तर मी त्याच्या दुकानाची पायरी उतरलो असतो. डॉक्टरसमोर मी तोंड उघडून बसलो.

दाढ काढण्याचं वर्णन करत नाही. भूल चांगली होती. दुखलं नाही, पण कडकड आवाज डोक्याच्या आतून आला. मग त्यांनी कापसाचा बोळा घालून दाबून धरायला सांगितलं आणि मला बाहेरच्या बाकावर बसवलं. डोकं हलकं झालं होतं. अर्ध्या दारापलीकडे डॉक्टर दाजींना काही सांगताना दिसत होते. ते एकेक बोट मोडत होते आणि प्रत्येक बोटाला दाजी मान हलवत होते. मला वाटलं, फीचं चाललं असेल.

टांग्यात बसल्यावर मी हातानं खूण करून विचारलं, काय म्हणाले?

"काय न्हाय, शिवप्पा," दाजी म्हणाले. "गोळ्या दिल्यात, जेवल्यावर घ्यायच्या. उद्यापासनं बाजार करा म्हणाले."

हे त्यांचे शब्द. यात एक अक्षर मी घातलेलं नाही.

बोळा काढून टाकला आणि घरापर्यंत मी टांग्यातून थुंकत आलो. रक्त तोंडात ठेवायचं कशाला? घरी पार्वतीनं माझं तोंड बघून मिठाचं गरम पाणी केलं. मी खळखळून चुळा भरल्या, पुन्हा पुन्हा, तोंड स्वच्छ वाटेपर्यंत. तिनं मायेनं केलं, मी शहाणपणानं केलं. संध्याकाळी डाव्या गालात तंबाखू धरली आणि तिचा रस ओढत बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गादीवर होतो. जखम ओली होती, पण लिलाव पुकारला. आवाज चढवला की उजवीकडे कळ निघायची. दाणे डाव्या बाजूनं फोडायचं ठरवलं होतं. पण हाताला इतक्या वर्षांची सवय. भाव रंगला की बोटं दाणा उजवीकडेच टाकत. दाजी शेजारी बसून पोती मोजत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं. एकदा नाही, पुष्कळदा बघितलं.

वास

पहिले दोन दिवस सोसवले. तिसऱ्या दिवशी जे सुरू झालं त्याला दाढदुखी म्हणत नाहीत. दाढ तर गेलेली होती. दुखत होतं ते रिकामं भोक. तिथून कळ निघायची, कानात जायची, कानातून कानशिलात, तिथून डोळ्याच्या मागे. गार वारा तोंडात गेला तरी डोळ्यांत पाणी. गोळी घेतली की थोडा वेळ उतरायचं आणि पुन्हा भरून यायचं. मी उशीला डोकं घासायचो.

आणि वास. आजारपणाच्या गोष्टीत माणसं हे लिहीत नाहीत, पण मी लिहितो. माझ्या तोंडाचा वास मला स्वतःला येऊ लागला. यार्डात शेतकरी माझ्याशी बोलताना मान वळवू लागले. ज्यांना वीस वर्षं मी खांद्यावर हात टाकून भाव सांगितला तेही. घरी धाकटी मुलगी रोज मांडीवर येऊन बसायची, ती आईच्या पदराआड गेली. तिला काय कळतं! पण मला लागलं. मी पार्वतीवर ओरडलो, तिनं मीठ कमी टाकलं म्हणून. ओरडताना जबडा लचकल्यासारखा झाला आणि मी तसाच थांबलो.

त्यानंतर तोंड उघडेना.

आधी भाकरीचा घास जाईना. मग चमचा जाईना. उजवा गाल सुजून मानेपर्यंत उतरला, अंगात ताप. पार्वतीनं ताक पाजायचा प्रयत्न केला, ते दातांच्या फटीतून गळ्यावर आलं. शेजारच्या बायका दारात येऊन बघून गेल्या आणि त्यातली एक हळूच बोलली, दातखीळ हाय ही, धनुर्वात हाय.

तो शब्द मला ठाऊक होता. मंद्रूपला माझे चुलते पायात काटा मोडून धनुर्वातानं गेले. पहिल्यांदा त्यांचा जबडाच बसला होता. पुढचं मी बघितलं होतं. मला पार्वतीला सांगायचं होतं की दुकानाची किल्ली कुठे आहे, कोणाचा माल उतरवून ठेवला आहे. शब्द दातांच्या मागे राहिले. तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, "अवो, मला सगळं ठावं हाय. तुमी गप पडा." मला खरंच माहीत नव्हतं की तिला सगळं ठाऊक आहे.

वॉर्ड

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी माझी मान वाकवून बघितली, गुडघ्यावर ठोकून बघितलं आणि धनुर्वात नाही म्हणून सांगितलं. दाढेच्या जागी पू झाला आहे, सूज जबड्याच्या स्नायूत उतरली आहे, म्हणून तोंड उघडत नाही. पण हसले नाहीत. ही सूज घशाकडे गेली तर श्वासाला अडचण होईल, लक्ष ठेवावं लागेल, असं पार्वतीला समजावून म्हणाले आणि मला दाखल करून घेतलं.

ज्याला कधी वॉर्डात राहावं लागलं नाही त्याला सांगतो, तिथे माणूस तक्रार करायला विसरतो. पहाटे फिनेलचा वास आला की समजायचं दिवस लागला. मग सिस्टर ट्रेमध्ये उकळलेल्या सुया घेऊन यायची आणि मी आपणच कुशीवर वळायचो. पेनिसिलीनचं इंजेक्शन आग लावतं, पण मला ते गोड लागायचं, कारण ते घेतल्यावर थोड्या वेळानं कानातली कळ एक पायरी उतरायची. खाणं म्हणजे चोचीच्या भांड्यातून दातांच्या फटीत सोडलेलं दूध आणि रव्याची पेज.

माझ्या शेजारच्या खाटेवर जनावरांचा दलाल होता. बैलानं लाथ घालून त्याचा पाय मोडला होता. आमच्याकडे जनावरांच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. उपरण्याखाली एकमेकांची बोटं धरून ठरवतात, म्हणजे तिसऱ्याला कळत नाही. मला बोलता येत नाही हे बघून त्या भल्या माणसानं खाट सरकवून घेतली, आपला टॉवेल आमच्या हातांवर टाकला आणि ज्या बैलानं त्याला लाथ मारली तोच मला विकायला काढला. बैल मला नको होता. तरी मी दुपारभर बोटं दाबून त्याचा भाव खाली आणत होतो. तो मान हलवून म्हणायचा, "मालक, लाथंचं येगळं पडतंय की." मला हसू आलं आणि हसताना दुखलं. त्या आठवड्यात मला माणूस असल्यासारखं पहिल्यांदा तेव्हा वाटलं.

अक्का रोज संध्याकाळी यायची. लहानपणी तापात घालायची तशी माझ्या कपाळावर पट्टी घालायची. दाजी पेज घेऊन यायचे, पायथ्याशी उभे राहायचे आणि बाजारात काय भाव निघाला ते सांगायचे. माझ्याकडे न बघता सांगायचे. मला वाटायचं, माझी अवस्था त्यांना बघवत नाही.

कुणाला सांगितलं

ताप उतरेना, तेव्हा पार्वती उठली. कुणाला न विचारता, कुणाला बरोबर न घेता, शहरात ती दातांच्या डॉक्टरकडे एकटी गेली. तिथे काय बोलली ते तिनं मला कधी सांगितलं नाही, पण दुपारी डॉक्टर वॉर्डात आले. दाजी तेव्हा पायथ्याशीच होते.

तोंड बोटभर उघडत होतं. डॉक्टरांनी दिवा धरला, आरसा घातला, चिमट्यानं आत काहीतरी पकडलं आणि बाहेर काढून पांढऱ्या कापडावर ठेवलं. काळं पडलेलं फोलपट होतं.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

पार्वतीनं वाकून बघितलं. "जोंधळा," ती म्हणाली.

डॉक्टर संतापले. मला म्हणाले, तुम्ही शिकलेले दिसता, दुकान चालवता, एवढं सांगितलेलं ऐकता येत नाही? पहिल्या दिवशी थुंकायचं नाही, चूळ भरायची नाही. तंबाखू-बिडी नाही, ओढून काही प्यायचं नाही. आरडाओरड नाही. कडक काही त्या बाजूला घ्यायचं नाही. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाचं पाणी तोंडात घ्यायचं आणि हळूच सोडून द्यायचं. आठ दिवस. प्रत्येक गोष्ट सांगितली होती.

"कुणाला सांगितलं?" पार्वतीनं विचारलं.

डॉक्टरांनी दाजींकडे बघितलं. "यांना. नीट सांगितलं. हो हो म्हणाले."

 शेजारचा दलाल उठून बसला.

"दाजी," पार्वती म्हणाली, "आमाला तर एक शब्द बोलला न्हाईत तुमी."

"इसरलो असंन," दाजी म्हणाले. "गडबड होती. बाजाराची गडबड होती." त्यांनी पेजेचं भांडं खाली ठेवलं आणि गेले.

मला त्या क्षणी उठून त्यांची कॉलर धरायची होती. ओळखणाऱ्यांना माझा राग माहीत आहे. कुणी दाण्यात खडे मिसळून आणले तर मी तराजू फेकतो. आणि त्या दिवशी माझ्या तोंडातून फक्त वाफ आली. रागाला बाहेर जायला वाट नसली की तो पोटात जातो. 

इसरलो, हे मी मानत नाही. माणूस एक गोष्ट विसरतो, दोन विसरतो. प्रत्येक बोटाला मान हलवणारा सगळी बोटं विसरत नाही, आणि वर "उद्यापासनं बाजार करा" हे न सांगितलेलं वाक्य आणून देत नाही. कारण मला कळतं. यार्डात गाड्या लागल्या होत्या. दाजींचा आवाज दुसऱ्या पोत्यापर्यंत पोचत नाही आणि ओला माल त्यांना हातानं ओळखता येत नाही. मी आठवडाभर घरी बसलो असतो तर शेतकरी शेजारच्या गादीवर गेले असते आणि दाजी सगळ्या बाजारासमोर रिकामे बसले असते. त्यांची ती भीती खोटी नव्हती. पण ती त्यांनी माझ्या तोंडावर टाकली.

लवंगेचं तेल

भोकात काय झालं होतं ते डॉक्टरांनी मग समजावून सांगितलं, यावेळी मला. दाढ निघाली की त्या खड्ड्यात रक्ताची गाठ बसते. तीच त्या जखमेची मलमपट्टी. खाली उघडं हाड असतं, वर ती गाठ झाकण घालते आणि तिच्या आडोशानं मांस भरत येतं. जोरानं थुंकलं, ओढून प्यालं, खळखळून चूळ भरली तर ती गाठ निसटते. तंबाखूच्या रसानं ती टिकत नाही. गाठ गेली की हाड उघडं पडतं, आणि मग ती कानापर्यंतची कळ. मी टांग्यातून थुंकत आलो तेव्हा स्वतःचं औषध रस्त्यावर टाकत आलो होतो.

त्यांनी खड्डा मिठाच्या पाण्यानं हळू धुतला आणि लवंगेच्या तेलात भिजवलेली कापडाची पट्टी आत बसवली. थोड्या वेळात कळ थांबली. कमी झाली असं नाही, थांबली. मी खाटेवर पडून छताकडे बघत होतो आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. सिस्टरनं विचारलं, फार दुखतं का? मी मान हलवून नाही म्हणालो. तिला वाटलं मी भ्रमात आहे.

ती पट्टी एक दिवसाआड बदलत. सिस्टरनं मला पाणी कसं सोडायचं ते शिकवलं. तोंडात कोमट पाणी घ्यायचं, मान एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला कलती करायची आणि भांड्यावर वाकून ते आपोआप पडू द्यायचं. मला ते साधेना. आयुष्यभर मी काही हळू सोडलेलं नाही. ती म्हणायची, "मामा, भांडताय कुणाशी? पाणीच आहे ते." त्यानंतर जबड्याचा व्यायाम. दातांत लाकडी पट्ट्या घालायच्या, रोज एक वाढवायची. ज्या दिवशी भाकरीचा मऊ पापुद्रा आत गेला त्या दिवशी वॉर्डातल्या दलालानं मला टाळी दिली.

घरी सोडताना दातांचे डॉक्टर भेटायला आले. मी पहिल्यांदा त्यांच्याशी नीट बोलू शकलो आणि पहिलाच प्रश्न विचारला. मला का नाही सांगितलं?

ते म्हणाले, पेशंट घाबरलेला असतो, भुलीत असतो, म्हणून आम्ही बरोबरच्या माणसाला सांगतो. सगळीकडे हीच पद्धत आहे. मग मला टोचण्यासाठी म्हणाले, "आणि तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही ऐकलं असतंत? आठ दिवस गप्प बसला असतात?"

"नसतो बसलो," मी म्हणालो. "आठाचे पाच करून घेतले असते तुमच्याकडून. पण भाव मला सांगायचा, डॉक्टर. घ्यायचा की नाही ते मी बघितलं असतं."



अक्का

घरी आल्यावर मी दाजींना बोलावणार होतो. अक्का आधी आली. दारातच बसली, आत येईना. म्हणाली, "शिवू, त्यास्नी काय बोलू नको. बाजारात तू त्यास्नी वर बसवलंस. तूच खाली उतरवलंस तर मी कुटं बसू?"

मी गप्प बसलो. दुकान पूर्वीसारखं सुरू झालं. दाजी पोती मोजत, मी पुकारत असे. आता आवाज लवकर बसतो, आणि दाणा मी हाताच्या नखानं बघतो. पूर्वीसारखी खात्री येत नाही. आम्ही एका ताटलीतून शेंगा खाल्ल्या, एका टांग्यातून घरी आलो. त्या दिवसाबद्दल एक शब्द नाही. मला वाटलं, गिळता येईल. गिळायचं मी दवाखान्यात चांगलं शिकलो होतो.

आणि यंदा अक्काचा गाल सुजला. तीच दाढ, डावीकडची. दाजी म्हणाले, मी नेऊन आणतो. मी शेंगांची ताटली बाजूला केली आणि उठलो. मी म्हणालो, सगळे जाऊ. पार्वतीपण येईल.

आदल्या दिवशीच आम्ही डॉक्टरकडे गेलो, दाढ काढायच्या आधी. ज्यांना माझ्यासारखं व्हायला नको त्यांनी एवढं तरी करावं. भूल चढण्यापूर्वी, तोंडात बोळा जाण्यापूर्वी, डोकं ठिकाणावर असताना विचारून घ्यावं. घरात जी चूल सांभाळते तिलाही बरोबर न्यावं, कारण गरम पाणी तीच करणार आहे. आणि तिसऱ्या दिवसानंतर दुखणं कमी होण्याऐवजी वाढलं, वास आला, ताप आला किंवा तोंड उघडेनासं झालं, तर लवंग धरून बसू नये. काढणाऱ्याकडेच परत जावं, त्याच दिवशी.

डॉक्टरांनी अक्काला बघितलं आणि सवयीनं दाजींकडे वळले. "तुम्ही जरा इकडे या," म्हणाले.

"तिला सांगा," मी म्हणालो. "दाढ तिची आहे."

डॉक्टरांनी मला ओळखलं. खुर्ची ओढून ते अक्कासमोर बसले आणि एकेक बोट मोडत सगळं सांगितलं. अक्का शाळेत गेलेली नाही, पण तिनं ऐकलेलं तिच्याकडून हरवत नाही. ती प्रत्येक बोटाला स्वतःचं बोट मोडत गेली. शेवटी तिनं सगळं पुन्हा म्हणून दाखवलं, एकही न गाळता. मी दाजींकडे बघत होतो. ते जमिनीकडे बघत होते.

तिची दाढ निघाली. ती थुंकली नाही. मऊ भात खाल्ला, पाणी हळू सोडलं, तंबाखूच्या मिसरीचा डबा पार्वतीच्या हवाली केला. आठवड्यात तिची जखम भरत आली. मला ज्या दुखण्यानं वॉर्डात नेऊन आडवं पाडलं ते तिच्याकडे आलंही नाही. एवढंच होतं. ऐकलेलं पाळायचं, बस.

बरी झाल्यावर अक्कानं आम्हा दोघांना जेवायला वाढलं. भाकरी दाजींच्या ताटात टाकताना तिनं विचारलं, "शिवूच्या टायमाला पन डॉक्टर हेच बोलले होते की वो?"

दाजींनी भाकरी मोडली. मग म्हणाले, गाड्या येऊन उभ्या असतील, जायला हवं. आणि ताटावरून उठले.

अक्कानं ते ताट उचलून बाजूला ठेवलं. मला म्हणाली, लिही तू. नाव घालू नको.

म्हणून लिहिलं. दाजी, तुम्ही हे वाचणार आहात, यार्डात पेपर पहिल्यांदा तुमच्या हातात असतो. माझ्या वाट्याचं दुखणं मी भोगलं, माझं तोंड उघडतं, मला तुमच्याकडून काही घ्यायचं नाही. पण ज्या बाईनं मला गप्प राहायला सांगितलं तिनं आता स्वतः विचारलं आहे, आणि तिला तुम्ही गाड्यांची सबब दिली आहे. यार्ड तुमच्यावाचून एक सकाळ चालेल, मी पुकारतो. तुम्ही घरी बसा. डॉक्टरांनी त्या दिवशी तुम्हाला काय काय सांगितलं, आणि टांग्यात तुम्ही मला काय सांगितलंत, ते दोन्ही अक्काला तिच्या तोंडाकडे बघून सांगा. तिनं डॉक्टरांचं सगळं ऐकून घेतलं, तर ती हेही ऐकून घेईल. तुम्ही उत्तर द्या.